बॅटरीवरची आयओटी डिव्हाइस लांबून कशी सांभाळायची: सोलापूरकडच्या नवीन लोकांसाठी पहिल्यापासून

तासाला एकदा तीन सेकंद उठणारा मातीच्या ओलाव्याचा सेन्सर, म्हणजे नेटला जोडलेलं एक आयओटी डिव्हाइस, दिवसभरात फक्त ७२ सेकंद जागा असतो. बाकी वेळ झोपलेला, रेडिओ बंद, कुणाचं काही ऐकू येत नाही. नवीन माणूस इथंच अडकतो कारण आपल्याला सवय मोबाईलची आणि सीसीटीव्हीची, बटण दाबलं की पलीकडनं लगेच उत्तर, आणि इथं बटण दाबून पाऊण तास झाला तरी काही हललेलं नसतं मग वाटतं डिव्हाइस बिघडलं. बिघडलेलं नसतं. झोपलेल्याला हाका मारत बसायचं नाही, उशाशी चिठ्ठी ठेवायची, तो उठला की वाचेल, सांगितलेलं करेल आणि केलं म्हणून कळवेल. हुकूम असो, सेटिंग असो, सॉफ्टवेअर अपडेट असो, सगळं त्या ७२ सेकंदात बसवायचं. खाली जे सांगतोय ते सगळं यातूनच निघतं.

आपल्या जिल्ह्यात याचा उपयोग खरंच लै आहे. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या केगावला आहे, आणि डाळिंबात पाणी कमीजास्त झालं की फळ तडकतं हे बागवाल्याला सांगायची गरज नाही. बहार धरताना ताण किती बसला, ताण तोडल्यावर पाणी मुळापर्यंत किती गेलं, हे ओलाव्याच्या आकड्यावरून कळतं. पण बाग सांगोल्याला आणि तुम्ही सोलापुरात असाल तर एक सेटिंग बदलायला जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरच्या वर पडतंय. म्हणून लांबून सांभाळता येणं हे हौसेचं काम नाही, त्याच्याशिवाय हा धंदाच परवडत नाही.

शिकायला मात्र थेट रानात जाऊ नका. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे गच्चीवरच्या टाकीत किती पाणी उरलं हे बघायचं काम घरोघरी आहेच. टाकीच्या पातळीचा एक सेन्सर बॅटरीवर करा, तो महिनाभर गच्चीवर हात न लावता चालवा, खाली दिलेलं सगळं त्याच्यावरच करून बघा, मग बागेचं बघू.

पहिलं काम, नेटवर्क ठरवा

घरात वायफाय आहे तर ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर) घ्या, स्वस्त आहे, मदत भरपूर मिळते. पण वायफाय चालू असताना तो शंभर-दोनशे मिलिअँपिअरच्या घरात करंट ओढतो, त्यामुळे जागं राहायचा वेळ जितका कमी तितकं बरं.

रानासाठी दोन रस्ते आहेत. एक म्हणजे लोरावॅन, कमी बॅटरीत लांब बोलणारा रेडिओ. वस्तीवर उंच जागी एक गेटवे (सेन्सरचे मेसेज ऐकून नेटवर टाकणारा डबा) लावायचा आणि आजूबाजूच्या काही किलोमीटरमधले सेन्सर त्याच्याशी बोलतात, सिमचा खर्च फक्त गेटवेला. मॉड्यूल घेताना एवढं बघा की भारतातला पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आहे, त्याला लायसन लागत नाही. ऑनलाइन स्वस्तात ४३३ आणि ९१५ वाले मॉड्यूल दिसतात, ते घेऊ नका. दुसरा रस्ता एनबी-आयओटी, म्हणजे प्रत्येक डिव्हाइसमध्ये सिम आणि सरळ मोबाईल टॉवर. दोन-चार डिव्हाइस लांब-लांब विखुरलेली असतील तर हे बरं, पण आधी त्या ठिकाणी ती सेवा पोहोचते का हे तिथं जाऊन तपासा, नकाशावर विश्वास ठेवू नका. यात एम२एम (यंत्रांसाठीचं) सिम लागतं, त्याचा नंबर १३ अंकी असतो, ते बघून नवीन माणूस दचकतो, पण ते बरोबरच आहे.

लोरामध्ये, म्हणजे लोरावॅनच्या रेडिओत, एसएफ नावाचा एक आकडा असतो, ७ ते १२. आकडा वाढला की लांब ऐकू जातं पण बोलायला वेळ लागतो. दहा-बारा बाइटचा मेसेज एसएफ ७ ला सुमारे ६० मिलिसेकंदात जातो, तोच एसएफ १२ ला जवळपास दीड सेकंद घेतो, म्हणजे साधारण पंचवीसपट, आणि बॅटरी त्याच हिशोबात जाते. म्हणून गेटवेचा अँटेना दहा फूट वर चढवणं हे पन्नास सेन्सरच्या बॅटऱ्या वाचवणं आहे. माढा-मोहोळकडं उसात सेन्सर असेल तर अजून एक लक्षात ठेवा, लागणीच्या वेळी रेंज मस्त येते आणि ऊस डोक्याच्या वर गेला, पाला ओला झाला की सिग्नल खातो, त्यामुळे सेन्सरचा अँटेना पहिल्याच दिवशी उंच पाइपावर घ्या. एका जागी बसलेल्या सेन्सरला एडीआर चालू ठेवा, म्हणजे नेटवर्क स्वतःच योग्य एसएफ ठरवतं. ट्रॅक्टरवर वगैरे फिरणारं डिव्हाइस असेल तर बंद.

दुसरं काम, बॅटरीचा हिशोब कागदावर

हे कुणीच करत नाही आणि नंतर सगळं इथंच फसतं. समजा झोपेत २० मायक्रोअँपिअर (म्हणजे ०.०२ मिलिअँपिअर), उठला की ३ सेकंद सरासरी ४० मिलिअँपिअर. दर १५ मिनिटांनी उठवला तर सरासरी पडते साधारण ०.१५ मिलिअँपिअर. २४०० एमएएचची बॅटरी, त्यातली ८० टक्केच धरा, तर जवळपास १७ महिने चालेल. तोच तासाला एकदा उठवला तर चार वर्षं. मातीचा ओलावा पंधरा मिनिटात बदलत नाही हो, मग उगीच कशाला उठवायचा.

आता याच बोर्डवर ती छोटी लाल पॉवरची एलईडी जळत राहिली, समजा २ मिलिअँपिअर, तर पंधरा मिनिटांच्या हिशोबात १७ महिन्यांचे होतात ३७ दिवस. एका एलईडीनं. बाजारातल्या साध्या डेव्हलपमेंट बोर्डवर एलईडी असते, यूएसबीची चिप असते, आणि एएमएस१११७ सारखा रेग्युलेटर (व्होल्टेज कमी करून देणारी चिप) स्वतःच काही मिलिअँपिअर खातो, त्यामुळे डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) झोपेचा करंट १० मायक्रोअँपिअर लिहिलेला असला तरी तो फक्त चिपचा, बोर्डचा नाही. मोजूनच बघायचं.

मोजायची एक रीत आहे. मल्टिमीटर सरळ मायक्रोअँपिअरच्या रेंजवर लावून डिव्हाइस चालू केलं तर उठताना लागणारा मोठा करंट मीटरमधून नीट जात नाही, व्होल्टेज पडतं आणि बोर्ड सारखा रीसेट होत राहतो. म्हणून मीटरच्या दोन्ही प्रोबांना समांतर एक वायर लावून ठेवा, डिव्हाइस उठू दे, पाठवू दे, झोपू दे, आणि झोपलं की वायर काढा, आता दिसतो तो खरा झोपेचा करंट. परत उठायच्या आत वायर लावा.

बॅटरी आणि डबा यावर कंजुषी नको. १८६५० सेलवर (गोल लिथियम सेल) ९९०० एमएएच छापलेलं असेल तर ते खोटं आहे, या साइजमध्ये चांगला सेल जास्तीत जास्त साडेतीन हजाराच्या आसपास असतो. आणि मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा उन्हातल्या बंद डब्यातलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच वर जातं. साधा लिथियम-आयन सेल ४५ अंशाच्या वर चार्ज करायचा नसतो, त्यामुळे सोलर पॅनेल लावून सेल उन्हातच तापवला तर तो लवकर खराब होतो. पांढरा डबा घ्या, पॅनेलच्या सावलीत बसवा, सोलर असेल तर एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल घ्या, तो उष्णता बरी सोसतो. सोलर नको असेल तर ३.६ व्होल्टचा लिथियम थायोनिल क्लोराइड सेल, वर्षाला एक टक्क्याच्या आसपासच स्वतःहून उतरतो. पण त्याला एकदम मोठा करंट झेपत नाही, सोबत कपॅसिटर (थोडा चार्ज साठवून झटक्यात देणारा) लागतो. केबल खालून घ्या, ग्लँड (केबलभोवतीचं घट्ट बूच) आवळा, आत सिलिका जेलची पुडी टाका. वळवाचा पाऊस आडवा येतो, वरून घेतलेल्या केबलमधनं पाणी सरळ बोर्डवर उतरतं.

तिसरं, नाव आणि चाव्या

दहा डिव्हाइस होईपर्यंत "विहिरीजवळचा" आणि "खालच्या रानातला" चालतं, चाळीस झाले की कुणाला काही कळत नाही. सुरुवातीपासून गाव, प्लॉट, काम, नंबर अशी पद्धत ठेवा, जसं की सांगोला-०३-ओलावा-०७. डब्यावर स्टिकर, बसवल्यावर फोटो, जीपीएसचं ठिकाण, आणि हे सगळं एका शीटमध्ये.

लोरावॅनमध्ये प्रत्येक डिव्हाइसला १६ अक्षरांचा डेव्हईयूआय (ओळख नंबर) आणि ३२ अक्षरांची ॲपकी (गुप्त चावी) असते. सगळ्यांना एकच चावी घालायचा मोह होतो, कॉपी-पेस्ट सोपं पडतं, पण एक डबा चोरीला गेला की सगळी बाग उघडी. प्रत्येकाला वेगळी चावी, आणि जॉइन करताना ओटीएए (दर जोडणीला नवी चावी ठरते) वापरा, एबीपी (चाव्या कायमच्या ठरलेल्या) नको. वायफायवाल्या डिव्हाइसला एमक्यूटीटी (मेसेज पोहोचवायची पद्धत) वापरत असाल तर १८८३ पोर्टवरचं बोलणं कुणालाही वाचता येतं, ८८८३ वर टीएलएस (मेसेज सांकेतिक करून पाठवणं) लावून चालवा. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवू नका. २०१६ ला मिराय नावाच्या व्हायरसनं जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते याच फुटकळ पासवर्डांच्या जोरावर. आणि राउटरवर पोर्ट उघडून बाहेरून डिव्हाइसपर्यंत पोहोचायचा प्रयत्न करायचा नाही. मोबाईल नेटवर ते बहुतेक वेळा होतच नाही, आणि गरजही नाही, कारण डिव्हाइसनंच उठून सर्व्हरला फोन करायचा असतो, आपण त्याला नाही.

चौथं, प्रत्येक मेसेजमध्ये तब्येत

फक्त ओलाव्याचा आकडा पाठवू नका. सोबत बॅटरीचं व्होल्टेज, सॉफ्टवेअरचा व्हर्जन नंबर, शेवटचा रीसेट कशामुळे झाला आणि मेसेजचा चालू नंबर. सात-आठ बाइटमध्ये बसतं. जेएसऑन (अक्षरांत लिहिलेला डेटा) पाठवू नका, "बॅटरी" ही अक्षरं पाठवायला जेवढी जागा जाते तेवढ्यात अख्खा आकडा मावला असता. सिग्नलची ताकद गेटवे स्वतः नोंदवतो, ती पाठवायची गरज नाही.

बॅटरीचं व्होल्टेज दोनदा मोजा, एकदा उठल्या उठल्या आणि एकदा रेडिओ पाठवत असताना. दोन्हीतला फरक वाढत चालला की सेल म्हातारा झाला, व्होल्टेज चांगलं दिसत असलं तरी. थायोनिल सेलचं व्होल्टेज तर शेवटपर्यंत सरळच राहतं आणि मग एकदम कोसळतं, तिथं डिव्हाइस किती वेळा उठलं आणि किती सेकंद बोललं याचा हिशोब ठेवून अंदाज काढायचा.

पाचवं, हुकूम द्यायची रीत

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण सेन्सर चुकला तर आकडा चुकतो पण व्हॉल्व चुकला तर टाकी रिकामी होते.

लोरावॅनचं क्लास ए (सगळ्यात कमी बॅटरी खाणाऱ्या प्रकारचं) डिव्हाइस स्वतः बोलल्यावर साधारण एक आणि दोन सेकंदांनी असे दोनच छोटे कान उघडतं, तेवढ्यात सर्व्हरचं उत्तर आलं तर आलं, नाहीतर पुढच्या वेळी. एनबी-आयओटीत पीएसएम (बॅटरी वाचवायची गाढ झोप) चालू असेल तर तसंच, डिव्हाइस नेटवर्कमध्ये नोंदलेलं असतं पण पोहोचता येत नाही. एमक्यूटीटीत सेशन टिकवून ठेवायची सोय आहे, क्यूओएस १ नं (एकदा तरी पोहोचलाच पाहिजे असा) पाठवलेला हुकूम ब्रोकर, म्हणजे मधला सर्व्हर, सांभाळून ठेवतो आणि डिव्हाइस जोडलं की देतो. म्हणजे तुम्ही दिलेला हुकूम रांगेत थांबतो. आता विचार करा, सकाळी सहाला व्हॉल्व उघडायचा हुकूम दिला, गेटवेची लाईट गेली, दुपारी दोनला आली, आणि दोनला व्हॉल्व उघडला. तोवर तुम्ही माणूस पाठवून हातानं पाणी देऊन मोकळे झालेले.

म्हणून हुकूम कधीही "उलटा कर" असा द्यायचा नाही, की चालू असेल तर बंद आणि बंद असेल तर चालू. मेसेज दोनदा पोहोचला तर काय होईल बघा. हुकूम पूर्ण द्या: व्हॉल्व ३ उघड, ४० मिनिटं, हुकूम नंबर ११८, सकाळी ७ नंतर आला तर फेकून दे. नंबरमुळे तोच हुकूम दोनदा आला तर दुसऱ्यांदा काही होत नाही, मुदतीमुळे शिळा हुकूम चालत नाही, आणि मिनिटं आतच असल्यामुळे नेटवर्क गेलं तरी डिव्हाइस स्वतः बंद करतं. बंद करायला दुसऱ्या हुकुमाची वाट बघणारं डिव्हाइस रानात बसवूच नका.

बॅटरीवर व्हॉल्व चालवायचा तर लॅचिंग सोलेनॉइड लागतो, तो फक्त उघडताना आणि बंद करताना एक झटका करंट घेतो, मधल्या वेळात शून्य. पण त्यात एक धोका आहे, उघडल्यावर बॅटरी मेली तर तो उघडाच राहतो. म्हणून प्रोग्राममध्ये लिहा की बंद करायला पुरेल एवढी बॅटरी असेल तरच उघडायचा, नसेल तर नकार कळवायचा. कपॅसिटरमध्ये बंद करायपुरता चार्ज राखून ठेवला तर अजून उत्तम.

आणि स्क्रीनवर दोन रकाने ठेवा, "सांगितलेलं" आणि "झालेलं". क्लाउडवाले याला शॅडो किंवा ट्विन म्हणतात, थिंग्सबोर्ड नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ॲट्रिब्यूट म्हणून मिळतं. शेतकऱ्याच्या मोबाईलवर हुकूम दिल्याबरोबर हिरवं करू नका, आधी पिवळं, आणि डिव्हाइसनं स्वतः कळवलं की मग हिरवं, कारण हिरवं बघून माणूस झोपायला जातो.

रोज लागणारं काम म्हणजे सेटिंग, त्याला सॉफ्टवेअर बदलायची गरज नाही. किती वेळानं उठायचं, कोणत्या आकड्यावर इशारा द्यायचा, किती वेळा प्रयत्न करायचा, हे सगळं आधीपासून बाहेरून बदलता येईल असं ठेवा. ताण चालू असताना सहा तासाला एकदा, पाणी चालू झालं की तासाला एकदा, असं हंगामाप्रमाणे बदलता येतं. पण डिव्हाइसनं हद्द पाळली पाहिजे, पाच मिनिटांच्या खाली आणि चोवीस तासांच्या वर काही आलं तर घ्यायचंच नाही. हद्द नसताना कुणी मिनिटांच्या जागी सेकंद समजून ६० ऐवजी ३६०० टाकलं तर ते डिव्हाइस अडीच दिवस झोपेल आणि तुम्हाला दुरुस्तीची चिठ्ठीसुद्धा अडीच दिवसांनीच पोहोचवता येईल. नेटवर्कची सेटिंग बदलत असाल तर जुनी जपून ठेवायची, नवीनवर तीन वेळा जोडता आलं नाही तर डिव्हाइसनं आपोआप जुन्यावर यायचं.

सॉफ्टवेअर अपडेट

लोरावर ओटीए (जवळ न जाता रेडिओवरून) अपडेट करायचं स्वप्न सुरुवातीला सोडून द्या. ५०० केबीची फाइल ५० बाइटच्या तुकड्यांनी पाठवायची तर दहा हजार तुकडे होतात, आणि गेटवे बोलत असताना तो ऐकत नाही, म्हणजे तेवढा वेळ बाकीच्या सेन्सरचे मेसेज हुकतात. याच कारणानं प्रत्येक मेसेजला पोचपावती मागू नका, इशारा आणि व्हॉल्व एवढ्यालाच मागा. लोरावाल्या डिव्हाइसला पुढेमागे नवीन सॉफ्टवेअर लागलंच तर जवळ गेल्यावर ब्लूटूथनं टाकता येईल असं बोर्ड निवडा.

वायफाय किंवा सिमवाल्याला ओटीए जमतं. ईएसपी३२ मध्ये दोन कप्पे करता येतात, एका कप्प्यातलं चालू असताना दुसऱ्यात नवीन उतरवायचं, त्यावरची डिजिटल सही तपासायची, मग रीस्टार्ट, आणि नवीन सॉफ्टवेअर सर्व्हरशी नीट बोललं तरच ते पक्कं, नाहीतर परत जुनं. ही परत यायची सोय नसेल तर ओटीए करूच नका, एका खराब फाइलनं सगळी डिव्हाइस मेली तर प्रत्येकाकडं जावं लागेल. आधी टेबलावरच्या एकावर, मग रानातल्या जवळच्या दोनवर, आठवडा थांबा, मग बाकीचे गटागटानं. बॅटरी अर्ध्याच्या खाली असेल तर अपडेट घ्यायचं नाही, हे डिव्हाइसनंच ठरवावं.

गप्प झालं तर

ठरलेल्या वेळेचे तीन मेसेज लागोपाठ चुकले की इशारा यावा, एक चुकला म्हणून नको, नाहीतर रोज रात्री फोन वाजतो आणि चौथ्या दिवशी तुम्ही इशारे बंद करून टाकता. मग घाईनं गाडी काढू नका, आधी बघा कोण कोण गप्प आहे. सगळेच एकदम गप्प म्हणजे गेटवे, त्याची लाईट किंवा त्याचं नेट, वस्तीवर फोन करून विचारा. शेतीची थ्री फेज पाळीनं येते, त्याच लाईनवर गेटवे लावला असेल तर हे रोजचंच, त्याला बॅटरी आणि सोलर वेगळं द्या. एका बाजूचे गप्प म्हणजे अँटेना हलला किंवा मधे पीक वाढलं. एकच गप्प असेल तर त्याचे शेवटचे दहा मेसेज बघा, व्होल्टेज उतरत आलं होतं का, रीसेटचं कारण दरवेळी कमी व्होल्टेज येत होतं का, मेसेजच्या नंबरात भोकं पडत होती का. भोकं पडत असतील तर रेंजचं दुखणं, नंबर सारखा शून्यावर येत असेल तर बॅटरीचं.

लाईट आल्यावर सगळी डिव्हाइस एकाच क्षणी जोडायला धावतात आणि एकमेकांवर आदळतात. म्हणून प्रत्येकाच्या उठण्यात आपापल्या नंबरप्रमाणे थोडे सेकंद मागेपुढे करा. आणि जोडता आलं नाही तर तीनदा प्रयत्न, मग झोप, पुढच्या वेळी थांबायचा वेळ दुप्पट. नेटवर्क शोधत रात्रभर जागं राहिलेलं डिव्हाइस एका रात्रीत कित्येक महिन्यांची बॅटरी खातं.

महिन्याला एकदा सगळ्या डिव्हाइसची यादी व्होल्टेजप्रमाणे लावा. सगळ्यात खालची पाच कोणती आहेत ते बघून ठेवा आणि त्या बाजूला कामानं जाणं झालं की सेल बदलून या, मुद्दाम फेरी नको. डिव्हाइस कायमचं काढलं तर सर्व्हरवरची त्याची चावी त्याच दिवशी रद्द करा, आतली मेमरी पुसा, सेल कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या, आणि तो नंबर परत कुठल्या नव्या डिव्हाइसला देऊ नका, नाहीतर दोन वेगळ्या जागांचे आकडे एकाच ग्राफमध्ये मिसळतात.